लक्षद्वीप : पाहुणी म्हणून जाताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाची यंदाची सहल कुठे न्यावी हा विषय कार्यकारिणीपुढे आहे आणि लक्षद्वीपचे नाव पुष्कळ जणींनी सुचवले आहे. ते कसे सुचले हे उघडच आहे. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधान त्या बेटांवर जाऊन आले, समुद्रकाठची त्यांची छायाचित्रे घरोघरच्या फोनवर येऊन पोचली, आणि त्याच सुमारास मालदीवशी आपले थोडे बिनसले. ‘मालदीवला कशाला जायचे, आपलेच लक्षद्वीप पाहू’ असे जो तो म्हणू लागला. मी 2019 च्या जानेवारीत तिकडे जाऊन आले होते, म्हणून चिटणीसबाईंनी आज बोलण्याचे काम माझ्या गळ्यात घातले. प्रवासाची हकीगत तर मी सांगणारच आहे. पण सहलीसाठी 45 नावे आली आहेत असे ऐकले, आणि तेव्हापासून माझ्या मनात एक शंका घर करून आहे. तीही आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

प्रथम जागा कुठे आहे ते पाहू. आपली तापी सुरतेपुढे ज्या समुद्राला मिळते त्याच अरबी समुद्रात, पण पुष्कळ खाली, केरळच्या किनाऱ्यापासून साधारण 220 ते 440 किलोमीटरवर ही बेटे विखुरलेली आहेत. मोजणीत 36 धरतात, त्यांतल्या 10 बेटांवरच वस्ती आहे. सगळ्या बेटांची मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या शिरगणतीत तिथे साडेचौसष्ट हजारांच्या आत माणसे होती; आपल्या एकट्या नंदुरबार शहरात त्याच वर्षी लाखाच्या वर होती. 1956 च्या 1 नोव्हेंबरला या बेटांचा वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. तेव्हा कारभार कालिकतहून चाले. 1964 पासून कवरत्ती बेटावर राजधानी आली, आणि ‘लक्षद्वीप’ हे नाव 1973 साली मिळाले. तिथली माणसे मलयाळमच्या वळणाची बोली बोलतात. अगदी दक्षिणेच्या मिनिकॉय बेटावर मात्र मालदीवच्या भाषेशी सख्खे नाते असलेली महल नावाची भाषा आहे.

आता एक गंमत सांगते. ही बेटे आपल्याला परकी वाटतात, पण भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने ती आपल्या नात्यातली आहेत. आपल्या जिल्ह्याचा काळा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. नंदुरबार-धुळ्याच्या शेतांतून आणि माळांतून मैल मैल सरळ गेलेल्या ज्या दगडी भिंती दिसतात, ज्यांना कुणी राक्षसाने बांधल्या म्हणतात तर कुणी पांडवांनी, त्या त्याच रसाने जमिनीच्या भेगांत गोठून झालेल्या आहेत. तो रस ज्या खोल चुलीतून वर आला, ती चूल जागच्या जागी राहिली आणि वरची भारतभूमी हळूहळू उत्तरेकडे सरकत गेली. तवा पुढे ओढावा आणि खाली जाळ तसाच राहावा, तसे झाले. त्यामुळे पुढच्या रसाचे डाग दक्षिणेकडे पडत गेले. आधी लक्षद्वीपची समुद्राखालची डोंगरओळ, मग मालदीव, मग चागोस, आणि आज ती चूल मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाखाली आहे असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे त्या पांढऱ्याशुभ्र वाळूच्या खाली, खूप खोल, आपल्याकडचाच काळा दगड आहे.

मग वरचे पांढरे कुठून आले? ते प्रवाळाचे. आपण ज्याला पोवळे म्हणतो ते. पण बायांनो, अंगठीत बसवतात ते तांबडे पोवळे निराळे. ते भूमध्य समुद्रातल्या खोल पाण्यातले. इथले प्रवाळ म्हणजे मोहरीएवढ्या, फार तर वाटाण्याएवढ्या मऊ जिवांची वसाहत. हा जीव समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतो, मरतो, आणि त्याच्या घरावर पुढची पिढी घर बांधते. जुना ज्वालामुखी डोंगर समुद्रात हळूहळू खचत गेला तरी हे जीव उजेडासाठी वर वर बांधत राहिले. डोंगर दिसेनासा झाला आणि त्याच्या कडेने बांधलेले गोल कुंपण तेवढे उरले. चार्ल्स डार्विनने ही उपपत्ती 1842 साली पुस्तकात मांडली. अशा बेटाला आपल्याकडे कंकणद्वीप म्हणतात. नाव अगदी चपखल आहे, कारण मधले उथळ, हिरवेनिळे, शांत पाणी आणि भोवती लाटा फोडणारे प्रवाळाचे कडे, असा तो देखावा असतो. त्या कड्याच्या एका बाजूला वाळू साठून जी लांबट पट्टी होते, तिच्यावर माड, माणसे आणि मशिदी. समुद्रापासून तिची उंची बहुतेक ठिकाणी पुरुष-दीड पुरुष, त्याहून जास्त नाही. ती वाळूसुद्धा प्रवाळाचीच. तिथे पोपटासारख्या चोचीचा एक रंगीत मासा आहे, तो प्रवाळ कुरतडून खातो आणि पोटातून बारीक वाळू बाहेर टाकतो. ज्या वाळूवर बसून आपण छायाचित्रे काढतो, तिच्यात त्या माशाचा वाटा मोठा आहे!

आता प्रवास. आम्ही सहा जणी आणि दोघींचे यजमान, असे आठ जण होतो. नंदुरबारहून सुरत, सुरतेहून कोकण रेल्वेच्या मार्गाने एर्नाकुलम, आणि तिथे कोचीच्या बंदरात ‘एम. व्ही. कवरत्ती’ या आगबोटीवर चढलो. सरकारी संस्थेमार्फतची पाच दिवसांची सहल होती. रात्री आगबोटीवर झोपायचे, पहाटे जाग यावी तो नवे बेट समोर असायचे. दिवसभर बेटावर, आणि संध्याकाळी पुन्हा आगबोटीवर. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे आम्ही पाहिली. शाकाहारी जेवण मिळाले, ज्यांना त्याची काळजी आहे त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या रात्री बोट हलू लागली तेव्हा आठांतल्या पाच जणांनी अंथरूण धरले हेही सांगते.

आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती भर पाण्यात उभी राही आणि तिच्या पोटातल्या दारातून खाली हिंदकळणाऱ्या होडीत उतरावे लागे. होडी एका लाटेला दाराच्या बरोबरीला येते आणि दुसऱ्या लाटेला चार फूट खाली जाते. बेटावरचे दोघे नावाडी हात पुढे करून उभे असतात. ते ‘या’ म्हणतात तेव्हा यायचेच, विचार करायचा नाही. आमच्यातल्या एका मावशींनी जन्मात परपुरुषाचा हात धरला नव्हता. त्यांनी एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, तिसरीला त्या नावाड्याने दंड धरून त्यांना अल्लद होडीत ठेवले आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाला. बहुधा ‘आई, घाबरू नका’ असेच असावे. परत निघेपर्यंत मावशी सर्वांच्या आधी उतरू लागल्या होत्या.

कवरत्तीला तळाशी काच बसवलेल्या होडीतून आम्ही प्रवाळ पाहिले. फुलकोबीसारखे, सांबराच्या शिंगांसारखे, मेंदूसारखे सुरकुतलेले. आणि त्यांतून जांभळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. एक कासव निवांतपणे खालून गेले. तिथल्या उजरा मशिदीतले लाकडी कोरीवकामही पाहण्यासारखे आहे. पण पाहिलेल्या शोभेचे वर्णन किती केले तरी ते छायाचित्राला हरणार, म्हणून मी पुढे जाते. छायाचित्रात जे दिसत नाही तेच मला अधिक सांगायचे आहे.

छायाचित्रात पाणी दिसते, पण ते पिण्याचे नव्हे. त्या बेटांवर नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके म्हणून त्याच्यावर तरंगून राहते. दुधावर साय धरावी तशी ती गोड्या पाण्याची साय. घरोघरच्या विहिरी म्हणजे त्या सायीला पाडलेली भोके. पोहऱ्याने बेताने उपसले तर वर्षभर पुरते. मोटार लावून भराभरा ओढले की साय फाटते, खालचे खारे पाणी वर येते, आणि ती विहीर पुन्हा गोडी व्हायला पुढच्या पावसाळ्यांची वाट पाहावी लागते. शिवाय वस्ती दाट, त्यामुळे विहीर इथे आणि शौचकूप चार पावलांवर. वरचे सांडपाणीही त्याच वाळूतून त्याच सायीत उतरते. हे आपल्याला समजावून सांगायला नको. शहादे-तळोद्याकडे केळी-पपईच्या बागांसाठी बोअर खोल खोल जात राहिले तेव्हा शेजारच्या विहिरींचे काय झाले, हे इथल्या पुष्कळ जणींनी पाहिले आहे. अक्राणीच्या पाड्यांवर एका हंड्यासाठी डोंगर उतरणाऱ्या बायका तर आजही आहेत. फरक एवढाच की आपल्याला आणखी खोल जाता येते, दूरच्या धरणाचे पाणी मागता येते. तिथे खाली समुद्र आणि भोवतीही समुद्र.

सरकारने यावर उपाय केला, तोही मोठा हुशारीचा आहे. 2005 साली चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना उभा केला. वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली नेले की ते थोड्या उष्णतेत वाफ होते, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरचे गार पाणी नळीने वर आणून त्या वाफेला थंड केले की गोडे पाणी पडते. रोज 1 लाख लिटर पाणी मिळावे अशी त्याची योजना. पुढे 2011 साली मिनिकॉय आणि अगत्ती येथेही असे कारखाने झाले. पण त्या पंपांना वीज लागते, आणि बेटांवर विजेसाठी डिझेल बहुतांशी मुख्य भूमीवरून आणावे लागत आले आहे. तांदूळ, कांदा, बटाटा, बिस्किटाचा पुडा, सगळेच आगबोटीतून येते. येताना भरून येते, परंतु रिकामी वेष्टने परत न्यायला कोणी उत्सुक नसतो. 32 चौरस किलोमीटरमध्ये कचरा टाकायला दुसरे गाव नाही. आपल्या तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी सहली येऊन गेल्या की प्लास्टिकचे पेले वाऱ्यावर फिरतात. ते निदान डोंगरावर फिरतात. तिथे ते दुसऱ्या दिवशी कासवाच्या पोटात असतात.

तेव्हा ‘न बिघडलेली बेटे’ हा शब्द मला थोडा खटकतो. जणू ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती म्हणून तशी राहिली! तिथे माणसे शेकडो वर्षे राहत आहेत, आणि दाटीने राहत आहेत. बेटे बिघडली नाहीत याचे कारण ती कुणीतरी राखली. मिनिकॉयचे कोळी सुरमई-कुपीच्या जातीचा तो मोठा मासा, ज्याला चुरा किंवा ट्यूना म्हणतात, तो जाळ्याने खरवडून काढत नाहीत. जिवंत लहान मासळी पाण्यात टाकून थवा जवळ आणतात आणि काठीच्या गळाने एकेक मासा उचलतात. प्रवाळाला धक्का लागत नाही. मग तो उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून ठेवतात. दगडासारखा होतो आणि महिनेच्या महिने टिकतो.

आणि राखणाऱ्यांत बायकांचा वाटा किती, हे आपल्या मंडळाने अवश्य जाणून घ्यावे. या बेटांवरचे जवळजवळ सगळे रहिवासी मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीत गणले जातात. तरी त्यांचे घर आईच्या वंशाने चालत आले आहे. कल्पेनी बेटावरच्या समाजाचा अभ्यास करून त्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या विदुषी आपल्या मराठी मुलखातल्या होत्या, हे किती जणींना ठाऊक आहे? लीला दुबे, माहेरच्या आंबर्डेकर, गायनातल्या विदुषी सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. त्यांचे इंग्रजी पुस्तक 1969 साली निघाले. मातृवंश आणि इस्लाम एका घरात कसे नांदतात, हा त्यांचा विषय. तिथल्या रीतीप्रमाणे मुले आईच्या घराण्याची, ज्याला तरवाड म्हणतात. मुलगी लग्न होऊन सासरी जात नसे. नवरा रात्री बायकोच्या घरी येई आणि सकाळी आपल्या आईच्या घरी जाई. (हसू नका, सासूशी भांडण होण्याचा संभवच नाही, हे आधी लक्षात घ्या.) मालमत्तेचे दोन प्रकार. तरवाडाची सामाईक ती ‘शुक्रवारची’, ती आईकडून मुलींच्या वंशात जायची आणि कुण्या एकाने फुंकून टाकायची नाही. स्वतः कमावलेली ती ‘सोमवारची’, ती धर्मशास्त्राप्रमाणे मुलांत वाटायची. काळाबरोबर यात पुष्कळ बदल झाले, नवराबायको एकत्र राहू लागली, वाटण्या झाल्या. पण माडाची झाडे आणि घराची जागा बाईच्या नावाने चालत आली असल्यामुळे ‘पतीने टाकली म्हणून रस्त्यावर आली’ ही आपल्याकडची नित्याची कहाणी तिथे सहसा घडत नसे.

मिनिकॉयला तर पुरुष पिढ्यान् पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी. ते महिनोन् महिने घराबाहेर, त्यामुळे घर, व्यवहार, गावकी सारे बायकांच्या अंगावर. लग्नानंतर नवराच बायकोच्या घरी राहायला येतो. बेट वस्त्यावस्त्यांत वाटलेले आहे, आणि वस्तीच्या कामासाठी पुरुषांचा मुख्य असतो तशी बायकांचीही मुख्य असते. 1885 साली इंग्रजांनी बांधलेल्या दीपगृहावर चढून मी ते बेट पाहिले; माडांच्या खाली ओळीने घरे, आणि रस्ते इतके स्वच्छ की मला आमच्या गल्लीची आठवण नकोशी झाली. एका घरी आम्हाला शहाळी दिली. त्या घरच्या बाईला माझी भाषा कळत नव्हती आणि मला तिची. तिने माझे मंगळसूत्र हातात घेऊन पाहिले आणि मण्यांमधले पोवळे ओळखून बाहेर समुद्राकडे बोट केले. मी मान हलवून ‘नाही’ म्हणाले, पण भूमध्य समुद्र खुणांनी कसा सांगणार! तिने शहाळ्याची मलई काढायला सालीचाच चमचा करून दिला. नंतर मोकळी शहाळी तिने मोजून एका बाजूला रचली, कारण त्यांची करवंटी, काथ्या, सरपण असे सगळे व्हायचे होते. आपल्याकडे पावरा-भिल्लांच्या घरी मोहाचे फूल, टोळंबी, पान, लाकूड यांतले काही वाया जात नाही, तसाच तिथे माड.

त्या बेटांवर कुणालाही वाटेल तेव्हा जाता येत नाही. 1967 च्या नियमांप्रमाणे बाहेरच्या माणसाला प्रवेशपत्र लागते. आम्ही गेलो तेव्हा पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही द्यावा लागला होता, आणि आमच्यातल्या एका यजमानांचा ‘मी काय चोर आहे?’ म्हणून बराच संताप झाला. मला मात्र तो नियम पटला. आपल्या जिल्ह्यात दहांतले सुमारे सात जण आदिवासी आहेत. 1974 साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राला का करावा लागला, आणि त्याच्या आधी त्या जमिनी कशा गेल्या होत्या, हे शहादे-तळोद्याच्या जुन्या माणसांना विचारा. ज्या घराचे दार आधीच लावलेले असते, त्या घरच्यांना मागाहून कायदा शोधावा लागत नाही. दारूबंदीचेही तसेच. आम्ही गेलो तेव्हा बंगारम हे पर्यटकांचे बेट सोडले तर सगळीकडे दारूबंदी होती. सहलीतले काही पुरुष कुरकुरत होते. 1970 नंतरच्या दशकात शहाद्याच्या भिल्ल बायकांनी एकजुटीने जाऊन दारूची मडकी फोडली होती. त्यांच्या जिल्ह्यातल्या बायकांनी तरी त्या नियमाविरुद्ध कुरकुरू नये.

आता शंकेकडे येते. बेटांपुढचे मोठे संकट आपल्या सहलीचे नाही, समुद्र तापण्याचे आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न करते आणि प्रवाळाला खाऊ घालते; रंगही त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद्या-दोन अंशांनी आठवडेच्या आठवडे गरम राहिले की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर टाकते, पांढरे पडते आणि उपासाने मरू लागते. 1998, 2010, 2016 आणि 2024 या वर्षी लक्षद्वीपमध्ये असे झाले. प्रवाळ मेले की लाटांना अडवणारे कडे झिजते. बंगारमच्या कंकणातले परळी नावाचे एक लहानसे निर्जन बेट झिजून नाहीसे झाल्याचे 2017 साली अभ्यासकांनी दाखवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओखी वादळाने बेटांना झोडपले. आजारी माणसाच्या घरी पाहुण्यांनी किती यावे, असा हा प्रश्न आहे. सुहेली आणि कदमत येथे मोठ्या हॉटेलांचे करार 2023 साली जाहीर झाले. त्याने रोजगार येईल असे काही म्हणतात, पाण्याचे आणि प्रवाळाचे काय असे दुसरे विचारतात. त्याचा निर्णय आपल्या हाती नाही. पण मणिबेली ज्या जिल्ह्यात बुडाली त्या जिल्ह्यातल्या बायकांनी, कुणाच्या सोयीसाठी कुणाची जागा जाते, एवढे विचारायला हरकत नसावी.

कार्यकारिणीतल्या एका ताईंनी मला विचारले, ‘मग जाऊच नये का?’ तसे मी म्हणत नाही. नारळ, मासळी आणि सरकारी नोकऱ्या यांवर सगळ्यांचे भागत नाही. नावाड्याला, स्वयंपाक करणाऱ्याला, घरी पाहुणे ठेवणाऱ्या बाईला आपल्या पैशाचा उपयोग आहे. दुसऱ्या एकींनी सुचवले, प्रवाळ तर मालवणलाही आहे, तेच पाहू. खरे आहे; सिंधुदुर्गाच्या भोवती ते आहे, आणि 1987 पासून ते अभयारण्यही आहे. पण किल्ल्याशेजारच्या उथळ पाण्यात सुट्टीच्या दिवसांत केवढी गर्दी होते, होड्यांचे नांगर कशावर पडतात आणि नवशिक्यांचे पाय कशावर टेकतात, हे जाऊन पाहावे. 45 जणींनी एकदम गेले म्हणजे ते काय होते, त्याचा नमुना महाराष्ट्रातच आहे.

माझे म्हणणे असे. 45 जणींची एक सहल न करता 15-15 जणींच्या तीन कराव्यात, आणि त्या तीन हिवाळ्यांत. रात्रीचा मुक्काम शक्यतो आगबोटीवरच करावा. त्याला काही जणी नाखूश आहेत, बेटावर चांदण्यात राहण्याची हौस कुणाला नसते! पण आगबोटीवर झोपल्याने रात्रीची आंघोळ, धुणे, शौच यांचे पाणी बेटाच्या विहिरीतून जात नाही. त्या सायीला आपला चमचा लागत नाही. तिसऱ्या तुकडीतल्या जणींना दोन वर्षे थांबावे लागेल हे मला दिसते, आणि त्यांत वयाने मोठ्या कुणी असू नयेत, त्यांना पहिल्या तुकडीत घ्यावे. मला स्वतःला कोणत्याच तुकडीत घेऊ नका. मी पाहून आले आहे, माझी जागा दुसरीला मिळू द्या.

ज्या जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. स्टीलची पाण्याची बाटली आणि डबा घ्यावा, आणि घरून नेलेल्या चिवड्या-शेवेच्या पिशव्या रिकाम्या झाल्या तरी नंदुरबारला परत आणाव्यात. प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, उचलू नये. 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले होते, आणि सामान तपासतात. पाण्यात उतरल्यावर पाय टेकायचाच झाला तर वाळूवर टेकावा. अंग झाकेल असे कपडे न्यावेत, तिथल्या वस्तीत उघडेवाघडे फिरलेले आवडत नाही, आणि आपल्यालाही त्यात काही जड नाही. बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्याव्यात, नंतर उपयोग होत नाही. होडीत उतरताना पाचवारीच्या निऱ्या पायांत येतात. आमच्यात नऊवारी नेसलेल्या एकट्या मावशीच काय त्या सुखरूप उतरल्या.

प्रवेशपत्राचे नियम मधून मधून बदलतात, म्हणून चिटणीसबाई कोचीच्या कार्यालयातून ताजी माहिती मागवीत आहेत. आम्हाला सारे कागद जमवायला दीड महिना लागला होता. तेव्हा पहिल्या तुकडीत ज्यांना यावयाचे आहे त्यांनी ओळखपत्राची नक्कल आणि चार छायाचित्रे घेऊन येत्या शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत यावे.